पाच आकडे मनात मोजा

मी ३१ वर्षं प्रुफं तपासली. आधी पुण्यात शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात, शिशाच्या खिळ्यांनी अक्षरं जुळवायचा जमाना संपता संपता, आणि पुढे घरी बसून डीटीपीची, म्हणजे संगणकावर जुळवलेल्या मजकुराची. कागदावर चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. असं माणूस लहान मुलांना वाचायला मदत करायच्या कामी फारसं उपयोगाचं नसतं, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. तरी टिकले. सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या महापालिकेच्या एका शाळेत मंगळवारी आणि शुक्रवारी जाते, तिसरी-चौथीतली तीन मुलं घेऊन व्हरांड्यात सतरंजीवर बसते. यंदा सहावं वर्ष. ओळखीपाळखीतले विचारतात, "आम्हालाही यायचंय, पण शिकवता येईल का?" शिकवायचं नसतंच. काय करायचं असतं ते सांगते.

शाळेत शिरताना

एखाद्या संस्थेमार्फत जाता येतं किंवा थेट मुख्याध्यापकांना भेटता येतं. मी थेट गेले. साधा अर्ज, आधारची झेरॉक्स, आणि कोणत्या वारी, किती वाजता, किती वेळ येणार हे दोन ओळींत. कुठे पोलीस पडताळणीचा दाखला मागतात, कुठे वरून परवानगी आणा म्हणतात. मागतील ते द्या, कुरकुर नको. कुणालाही मुलांजवळ बसू देणाऱ्या शाळेपेक्षा कागद मागणारी शाळा बरी.

जूनमध्ये मात्र जाऊ नका. १५ जूनच्या आसपास शाळा उघडते आणि मग तीन आठवडे दाखले, गणवेश, पुस्तकं यांतच जातात. जुलैचा पहिला आठवडा उत्तम. वेळ ठरवताना खिचडी कधी असते ते आधी विचारा. खिचडीच्या आधी मूल वाचत नाही, वास घेतं. जेवल्या जेवल्या बसवलं तर पेंगतं. माझी वेळ खिचडीनंतर अर्ध्या तासानं, चाळीस मिनिटं.

वर्गावरच्या बाईंना सल्ला द्यायचा नाही. एकदाही नाही. त्यांच्यापुढे चाळीस मुलं असतात, वर ऑनलाइन माहिती भरायची, निवडणूक आली की मतदार याद्या. आपण तीन मुलं घेऊन सावलीत बसलेलो असतो. त्यांना फक्त एक विचारा, "कुणाला घेऊ?" त्या बरोबर तीच मुलं देतात.

बसायचं ते चारचौघांत. दार बंद असलेल्या खोलीत एकट्या मुलाबरोबर कधीच नाही, मग तुम्ही कितीही आजी-आजोबा असा. फोटो काढायचे नाहीत. चॉकलेट, पैसे, जुने कपडे काही नाही. पुस्तक शाळेत ठेवा, सगळ्यांसाठी. आणि एखाद्या मुलानं मारहाणीबद्दल किंवा त्याहून वाईट काही सांगितलं, तर स्वतः चौकशी करत बसू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक पाठ असू द्या.

माझ्या वहीत मुलांची नावं नाहीत, फळं आहेत. वही बसमध्ये विसरली तर कुणाचं नाव बाहेर जायला नको म्हणून. यंदाची तिघं म्हणजे सीताफळ, पेरू आणि बोर. पुढे हीच नावं येतील.

कुठं अडलंय?

पहिल्या दिवशी वाचायला लावू नका, गप्पा मारा. दुसऱ्या दिवशी अंदाज घ्या. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून ग्रामीण भागात 'असर' नावाची पाहणी करते, तिची रीत मला सोपी वाटते आणि ती शहरातही चालते. मुलापुढे आधी चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद ठेवायचा. तो सहज वाचला तर दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. नाही जमला तर सुटे शब्द, त्यातले पाच कुठलेही वाचायला सांगायचे. पाचांत चार बरोबर आले तर मूल शब्दांवर आहे. तेही नाही जमले तर अक्षरं, तिथेही पाचांत चार. एवढंच. पाच मिनिटांत होतं आणि पुढचे तीन महिने दिशा देतं.

यात एक फसगत असते. पेरूनं पहिल्या दिवशी पाठ्यपुस्तकातला धडा घडाघडा वाचला, हावभावासकट. मी खूश. सहज पान उलटायला हात घातला तर पान उलटायच्या आधीच तिचं पुढचं वाक्य सुरू झालं होतं. धडा पाठ होता. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून "हे काय?" विचारलं, तर ती पहिल्या ओळीपासून म्हणत त्या शब्दापर्यंत आली, पाढा म्हणावा तशी. म्हणून पाठ्यपुस्तक अंदाज घ्यायला नको. न पाहिलेला मजकूर द्या. चौथीतल्या मुलापुढे पहिलीचं पुस्तकही ठेवू नका; वर्गातली दुसरी पोरं मुखपृष्ठ ओळखतात आणि चिडवतात. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. हवं ते पान सुटं छापून घ्या, वरची इयत्ता झाकून.

थांबायचं कसं

आता खरं काम. मूल वाचतंय, एका शब्दाशी अडलं. तुमच्या तोंडात तो शब्द तयार आहे. बोलू नका. मनात एक ते पाच मोजा, सावकाश. पाच आकडे फार लांब वाटतात, विशेषतः समोर मूल ओठ चावत असेल तेव्हा. पण बहुतेक वेळा तीन-चारला ते स्वतःच पुढे जातं. पाचलाही नाही गेलं तर शब्द सांगून टाका, साध्या आवाजात, आणि पुढे चला. "अरे, कालच तर वाचला होतास!" हे वाक्य गिळायचं. फोड करून दाखवायची, बाराखडी म्हणायला लावायची ही वेळ नाही. गोष्ट चालू आहे; शब्द मागाहून पाहता येतो.

अडलं तर थांबायचं हे त्यामानानं सोपं. चुकीचं वाचलं तर काय करायचं, हे अवघड.

समजा छापलंय, "आई म्हणाली" आणि मूल वाचतं, "आई बोलली". प्रुफात हे मी सोडलं नसतं. इथे सोडते. त्या मुलाच्या घरी आई बोलतेच, म्हणत नाही. त्यानं अर्थ घेतला आणि आपल्या भाषेत सांगितला, म्हणजे ते वाचतंय. याउलट "मामा घरी आला" याचं "मामा धरी आला" झालं, तर अर्थ मोडला. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, प आणि ष या जोड्या फार फसवतात. तरी मध्ये तोंड घालायचं नाही. पूर्णविराम येऊ द्या. निम्म्या वेळा मूल पूर्णविरामाशी येऊन स्वतःच मान वाकडी करतं, "धरी?" आणि मागे जातं. ते मागे जाणं सोन्यासारखं आहे, ते हिसकावून घेऊ नका. मागे नाहीच गेलं तर विचारा, "मामा कुठं आला म्हणालास?" बस्स.

तिसरा प्रकार म्हणजे न आणि ण. इथे मी चुकले, म्हणून जरा सविस्तर सांगते. बोर "पानी" वाचायची. आम्ही पेठेतली माणसं, न-चा ण करायला जन्मलेली. मी म्हटलं, "पाणी. ण. ण." तिनं पुन्हा वाचलं, "पानी". मी पुन्हा ण. तिसऱ्यांदा तिचा आवाज खाली गेला आणि चौथ्या ओळीला नुसते ओठ हलायला लागले. पुढचे दोन आठवडे मी आले की तिचं पोट दुखायचं. तिनं तो शब्द बरोबर वाचला होता! अक्षर ओळखलं होतं, अर्थ कळला होता, फक्त तिच्या घरात त्याला पानी म्हणतात. मी वाचन दुरुस्त करत नव्हते, तिच्या आईची बोली दुरुस्त करत होते. ती परत बसायला लागली ती मी आठवडाभर नुसती तिला गोष्टी वाचून दाखवल्या तेव्हा, तिला काही वाचायला न सांगता.

वेगाचं एक. 'निपुण भारत' ही केंद्राची मोहीम जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं तिचं लक्ष्य आहे. ते बघायला शाळा आहे. तुम्ही घड्याळ काढू नका. घड्याळ दिसलं की पोरं घोड्यासारखी सुटतात आणि पूर्णविराम खातात.

कात्रज

सीताफळाला जोडाक्षर दिसलं की तो थबकायचा. पत्र, चित्र, काहीही. बाई म्हणाल्या होत्या, "याला जोडाक्षरं येतच नाहीत." एकदा गप्पांत तो म्हणाला, मावशीकडे जाताना स्वारगेटला बसची वाट बघतो, आणि कात्रजची बस आली की आईला तोच सांगतो, कारण आईला पाटी वाचता येत नाही.

"तुला कशी कळते?"

"लिव्हलेलं असतं ना."

मी वहीत मोठ्या अक्षरात 'कात्रज' लिहिलं. त्यानं बघितलं न बघितलं तोच म्हणाला, "कात्रज." मी त्याच्या खाली, त्र-खाली त्र येईल असं 'पत्र' लिहिलं. आणि मोजायला लागले. एक. दोन. त्यानं खालच्या त्र-वर बोट ठेवलं. तीन. बोट वरच्या त्र-वर गेलं, परत खाली आलं. चार.

"पत्रज?"

"ज आहे का?"

त्यानं शेवटाला बोटानं चाचपून पाहिलं. "नाय. पत्र."

मग रात्र, छत्री, कुत्रा एका दमात झाले. 'मित्र'ला मात्र तो 'मत्र' म्हणाला, पण त्याचं कारण वेगळं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि बोलायची नंतर. आपल्याला सवयीनं हे जाणवत नाही, मुलाला जाणवतं. मी बसचं तिकीट वेलांटीवर ठेवून ती झाकते, 'मत्र' वाचू देते, मग तिकीट सरकवते. दोन-तीनदा असं केलं की वेलांटी कुणाची ते कळतं.

तेव्हापासून मी मुलाला येत असलेले शब्द गोळा करते. जोडाक्षरं येत नाहीत म्हणणाऱ्या मुलाला ट्रक, क्रिकेट, रिक्षा, मिस्त्री हे शब्द रस्त्यावरून माहीत असतात. बसच्या पाट्या, दुकानांचे बोर्ड, बिस्किटाचा पुडा, गणपती मंडळाची कमान. र-ची रूपं याच रीतीनं सुटतात: चक्र, ट्रक, सूर्य आणि वाऱ्यावर. सगळी एका दिवशी काढू नका. एक रूप आठवडाभर खेळा. दर्या आणि दऱ्या हा फरक आपल्यातल्या भल्याभल्यांना लिहिता येत नाही, मी प्रुफं पाहिली आहेत, मला ठाऊक आहे. चौथीतल्या मुलाला त्यावरून छळू नका.

त्याचंच वाक्य

चाळीस मिनिटांतली शेवटची दहा मी यासाठी राखते. मूल काहीतरी सांगतं, आपण लिहून घ्यायचं, मग त्यानं तेच वाचायचं. दुसऱ्या कुणाचं वाक्य अवघड जातं, स्वतःचं कसं जाईल? शब्द ओळखीचे, पुढे काय येणार ते माहीत, आणि आपलं बोलणं कागदावर बघायची गंमत वेगळीच. प्रत्येकाची एक वेगळी वही ठेवा, एका पानावर दोन-तीन वाक्यंच, ठळक.

प्रश्न एवढाच की कसं लिहायचं. सीताफळ म्हणाला, "मी काल आज्जीकडं गेल्तो. तिनं कोंबडी कापल्ती." माझं पेन थांबलं. 'गेलो होतो' लिहू? तसं लिहून पाहिलं. त्यानं वाचलं, "मी काल आज्जीकडं गे... गे..." आणि माझ्याकडे पाहिलं. ते त्याचं वाक्य राहिलंच नव्हतं. मी खोडलं आणि 'गेल्तो' लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्यानं सुर्रकन वाचलं. आता मुलं म्हणतील तसंच मी लिहिते. प्रमाण भाषा पुस्तकातून त्यांच्या कानावर पडत असतेच, आणि ती पडावी म्हणून आपण मोठ्यानं वाचून दाखवायचं असतं. काही दिवसांनी वर्गावरच्या बाईंनी वही चाळली आणि 'गेल्तो'भोवती लाल गोल केला. मी काही बोलले नाही. असे गोल मी जन्मभर केलेत.

पुस्तकं आणि टाइप

या बाबतीत मी आगाऊपणा करणार, हा माझा धंदा आहे.

पुस्तक पातळ घ्या, सोळा पानांचं, पानावर दोन-चार ओळी. अप्पा बळवंत चौकात गाइडं आणि अपेक्षितांच्या ढिगाआड अशी पुस्तकं मिळतात, फक्त मागावी लागतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून सचित्र गोष्टी फुकट आहेत, मराठीतही भरपूर, चार पातळ्यांत लावलेल्या. उतरवून छापता येतात. घेण्याआधी तीन गोष्टी पाहा. अक्षर मोठं हवं, निदान २० पॉइंट. ओळ कुठे तुटते ते पाहा: 'झाडावर चढ-' इथे ओळ संपून 'लेला मुलगा' खाली गेला असेल, तर ते पुस्तक नवशिक्या वाचकासाठी नाही. ओळ अर्थाशी तुटायला हवी. आणि ल, श बघा. आपल्या शाळेतला ल दोन पाकळ्यांचा असतो. इंटरनेटवरून छापलेल्या पानांवर बऱ्याचदा हिंदी वळणाचा येतो, आणि मूल तिथे अडतं. आपण समजतो त्याला ल येत नाही. एकदा दोन्ही ल शेजारी काढून दाखवा, "हा याचा भाऊ," काम झालं. एकाखाली एक रचलेल्या द्ध, ट्ट यांचंही तसंच: आधी पाय मोडून सुटं लिहून दाखवा.

गोष्ट वाचून झाल्यावर 'यातून काय बोध मिळाला' हे विचारू नका. पान उलटायच्या आधी "आता काय होईल?" विचारा, किंवा "हे पटलं का?" मडक्यात खडे टाकणाऱ्या कावळ्याची गोष्ट चालू होती. पेरू म्हणाली, "बाई, याला एवढे खडे सापडले, मग नळ का नाही सापडला?" बोर शांतपणे म्हणाली, "गुरुवार असंल." पुण्यात पाणी बंद ते गुरुवारी, हे पोरांना कालनिर्णयाइतकं पक्कं माहीत असतं. समजून वाचलं की नाही, याची याहून चांगली परीक्षा मला घेता येणार नाही.

खाडे

आठवड्यात एकच दिवस जमणार असेल तर एकच ठरवा, पण तो मोडू नका. येणार नसाल तर आदल्या खेपेला मुलांना सांगा. बाईंना फोन केला तरी तो निरोप व्हरांड्यापर्यंत पोचतोच असं नाही, आणि मुलं सतरंजी घालून बसतात. तुमचे खाडे कमी ठेवा, मुलांचे होणारच. गणपतीत दहा दिवस लक्ष नसतं, दिवाळीला गावाला गेलेलं मूल पंधरा दिवस उशिरा येतं, घरी धाकटं भावंड आजारी पडलं की मोठीला घरी ठेवतात. रागावू नका, आलं त्या दिवशी मागे काय झालं ते न विचारता वही उघडा. कधी मूल परतच येत नाही. दिवाळीनंतर पेरू आली नाही. सोलापूरकडे गेली, एवढंच कळलं. तिची वही माझ्याकडे राहिली, तेव्हापासून मी सुटी लागायच्या आदल्या खेपेला वह्या मुलांच्या दप्तरात घालते.

एप्रिलमध्ये पुन्हा तीच पाच मिनिटांची पाहणी करा, नव्या मजकुरावर, आणि निकाल बाईंना एका चिठ्ठीवर द्या. बोर गोष्ट वाचते, न-सकट. सीताफळ परिच्छेद नीट वाचतो; गोष्टीत पाचव्या-सहाव्या ओळीला दमतो आणि मग चित्रावरून अंदाजानं पुढे जातो. जुलैत तिथूनच पुढे.